घरचा काला



गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून मी कीर्तनाला उभा राहिलेलो नाही. वीणेकऱ्याच्या शेजारी कोपऱ्यात बसून ऐकतो, एवढेच. कीर्तन सुटले, पण बोलण्याची खोड काही सुटली नाही. ती या मासिकाच्या पानावर भागवून घेतो.

आज एक चरित्र मांडणार आहे. चरित्राचा नायक आपल्या संप्रदायातला नाही, देशातलाही नाही. तो जर्मनीतला, तीनशे वर्षांपूर्वीचा, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. नाव योहान सेबास्टियन बाख. कोणी म्हणेल, बुवांना म्हातारपणी हे काय सुचले? तर ऐका. चरित्र त्याचे आहे, पण त्यातला एक प्रसंग माझ्या घरात घडलेला आहे. आणि तो मी आयुष्यभर लोकांना चुकीचा सांगत आलो.

माझा मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीत, लाइपझिग शहरी असतो. सौभाग्यवती गेल्यावर तो मागे लागला होता, ‘अण्णा, एकदा तरी या.’ मागच्या उन्हाळ्यात गेलो. तीन महिने राहिलो. माझी नात नऊ वर्षांची. ती रोज संध्याकाळी पियानोवर एक छोटीशी चाल वाजवी. चाल साधी, पण मनात घोळत राही. मी विचारले, ‘हे कोणाचं गं?’ ती म्हणाली, ‘हे एका बाईच्या वहीतलं आहे, आजोबा. तिला तिच्या नवऱ्यानं वही दिली होती.’

मला मोठे नवल वाटले. मी मुलाला विचारले. त्याने सांगितले, की ती बाई म्हणजे बाखची दुसरी पत्नी, आना माग्दालेना. चांगली गाणारी होती. नवऱ्याने तिच्यासाठी 1722 मध्ये एक आणि 1725 मध्ये दुसरी, अशा दोन वह्या सुरू करून दिल्या. त्यात त्याच्या स्वतःच्या रचना आहेत, तशा घरात ज्या आवडल्या त्या दुसऱ्यांच्याही आहेत. नात वाजवीत होती ती चाल पुष्कळ वर्षे बाखची म्हणून समजली जाई. पुढे ती पेट्झोल्ड नावाच्या दुसऱ्याच एका ऑर्गनवादकाची निघाली. आपल्याकडे आजीच्या वहीत अभंगाशेजारी गौळण असते, भूपाळी असते, कोणाच्या तरी लग्नातली मंगलाष्टके असतात, तशीच ती घरची वही.

त्या दिवसापासून आमचा नेम झाला. रात्री जेवणे झाली की मुलगा बाखचे चरित्र घेऊन बसे आणि मराठीत अर्थ सांगत मला वाचून दाखवी. आजवर ग्रंथ लावावा मी आणि ऐकावे लोकांनी. आता श्रोता मी होतो.

बाखचा जन्म 1685 चा, आइझेनाख गावचा. बाप त्या नगराचा वादक. आठ भावंडांत हा शेंडेफळ. नऊ वर्षांचा असताना आई गेली, आणि वर्ष पुरे होण्याआधी बापही गेला. पोरके पोर थोरल्या भावाकडे ओहरड्रुफ गावी गेले. भाऊ तिथल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. भावाजवळ मोठमोठ्या वादकांच्या रचनांची एक वही होती. ती तो जाळीच्या कपाटात ठेवी आणि या लहानग्याला हात लावू देत नसे. पोराने काय करावे? रात्री सगळे निजल्यावर जाळीतून हात घालून वहीची सुरळी करून बाहेर काढी आणि चंद्राच्या उजेडात उतरवून घेई. दिव्याची सोय नव्हती. असे सहा महिने केले. पुढे भावाला कळले, त्याने उतरवलेली वहीही काढून घेतली. ही हकिकत बाखच्या मुलाने आणि शिष्याने त्याच्या मृत्यूनंतर लिहून ठेवली आहे. माउली, ज्यांनी गुरूच्या नकळत चाली उचलल्या आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

अठराव्या वर्षी त्याला आर्नश्टाट गावच्या चर्चमध्ये ऑर्गनवादकाची जागा मिळाली. दोन वर्षांनी, 1705 मध्ये, त्याने चार आठवड्यांची रजा घेतली आणि उत्तरेकडे ल्यूबेक नगरीस निघाला. तिथे बुक्स्टेहुडे नावाचे वयोवृद्ध ऑर्गनवादक होते, त्यांचे वादन ऐकायचे होते. वाट चारशे किलोमीटरच्या वर, आणि सांगतात की हा पायी गेला. आपली आळंदीहून पंढरपूरची वाट सुमारे अडीचशे किलोमीटर. मी मुलाला म्हटले, ‘अरे, हा तर वारकरीच!’ मुलगा हसला आणि म्हणाला, ‘वारकरी मुक्कामाच्या दिवशी पोचतो अण्णा. हा चार आठवड्यांची रजा घेऊन चार महिन्यांनी परत आला.’ चर्चच्या पंचांनी त्याला बोलावून जाब विचारला. रजा का वाढवली हा एक प्रश्न, आणि तू प्रार्थनेच्या चालीत नको नको ते सूर मिसळतोस, त्यामुळे गाणाऱ्या लोकांचा गोंधळ उडतो, हा दुसरा. त्या जबानीची नोंद अजून आहे.

आता हे ऑर्गन काय असते तेही सांगतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी पेटी पाहिली आहे, फार तर संगीत नाटकातली पायपेटी. चर्चमधले ऑर्गन म्हणजे भिंतीएवढे वाद्य. हजारो नळ्या, काही बोटाएवढ्या, काही दोन पुरुष उंच. हातांना दोन-तीन पट्ट्या एकावर एक आणि पायांना वेगळी लाकडी पट्टी. वाजवणारा हातांनी जितके वाजवतो तितकेच पायांनी. त्या काळी विजेचा पंखा नव्हता. मागे माणसे उभी राहून भाते दाबत, तेव्हा वर सूर निघे. नवे ऑर्गन बांधले की ते तपासायला बाखला लांब लांबून बोलावणे येई. तो बसल्याबरोबर आधी सगळे सूर एकदम उघडून भरगच्च वाजवी आणि म्हणे, याची फुफ्फुसे चांगली आहेत का ते आधी पाहिले पाहिजे. मला हे फार पटले. मीही नव्या गावी गेलो की आधी टाळकऱ्यांना एक भरदार चाल म्हणायला लावीत असे. दम किती आहे ते तिथेच कळते.

या माणसाच्या घरात गाणे कुठून आले, तेही त्यानेच लिहून ठेवले आहे. 1735 मध्ये त्याने आपल्या कुळाची यादी केली. त्रेपन्न पुरुषांची. बहुतेक सगळे वादक. पहिला पुरुष म्हणजे फाइट बाख नावाचा पाव भाजणारा. तो धान्य दळायला गिरणीवर जाताना आपले तंतुवाद्य बरोबर नेई आणि दळण चालू असताना वाजवीत बसे. बाख लिहितो, की त्याच्या वंशजांच्या संगीताची ही सुरुवात. माउली, मुलाने हे वाचले आणि मला माझ्या आईचे जाते दिसू लागले. तिची ओवी कोणत्या शाळेत शिकवलेली नव्हती. पीठ पडत होते आणि नाम चालले होते. दोन कामे नव्हती ती, एकच काम होते.

तर असा हा मनुष्य. 1707 मध्ये नात्यातल्याच मारिया बार्बराशी लग्न झाले. म्यूलहाउझेन, वायमार, क्योथेन, अशा नोकऱ्या करीत, 1723 मध्ये लाइपझिगला आला आणि सत्तावीस वर्षे, मरेपर्यंत, तिथेच राहिला. लाइपझिगला त्याच्याकडे ऑर्गनवादकाची जागा नव्हती. चर्चचे सगळे संगीत पाहायचे आणि शाळेतल्या मुलांना गाणे शिकवायचे, अशी कामगिरी होती. राहायला जागा शाळेच्याच इमारतीत. पहिली काही वर्षे जवळजवळ दर रविवारी तो नवी रचना उभी करी. रविवारी गायची, म्हणजे आठवड्यात रचायची, प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद उतरवायचा, मुलांकडून बसवून घ्यायची. कागद उतरवायला कोण? शाळेतले विद्यार्थी, बायको आणि घरातली मुले.

साधुपुरुष वगैरे समजू नका हं. भांडखोर होता, पैशाला चोख होता. 1730 मध्ये बालमित्राला लिहिलेल्या पत्रात तक्रार करतो, की इथे महागाई फार, आणि हवा चांगली असली म्हणजे माणसे कमी मरतात, त्यामुळे अंत्यविधीच्या गाण्याची दक्षिणा बुडते! हे ऐकून मी पोट धरून हसलो. बिदागीवर ज्याचा संसार चालला आहे त्यानेच हसावे असा तो विनोद. पण त्याच पत्राच्या शेवटी तो आनंदाने लिहितो, की माझी सगळी मुले जन्मजात गाणारी-वाजवणारी आहेत. घरातल्या घरात गायन-वादनाची मैफल उभी राहते. बायकोचा आवाज स्वच्छ आहे आणि थोरली मुलगीही बरी साथ करते. नोकरीच्या कटकटी एका पारड्यात आणि ही घरची मैफल दुसऱ्या पारड्यात.

दोन्ही बायकांची मिळून वीस मुले झाली. त्यांतली दहा जगली, दहा लहानपणीच गेली. दहा वेळा या माणसाने लहानशी पेटी खांद्याजवळून जाताना पाहिली.

आता तो प्रसंग.

1720 चा उन्हाळा. बाख क्योथेनच्या राजाकडे नोकरीस होता. राजा कार्ल्सबाड नावाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी हवापालटाला गेला, बरोबर वादकांना घेऊन गेला. जुलैत बाख परत आला. घरात पाऊल टाकले तेव्हा कळले, की मारिया बार्बरा वारली आणि तिला पुरूनही झाले. जाताना तिला धडधाकट सोडून गेला होता. मागे चार मुले.

इथे मुलाने वाचणे थांबवले. पुस्तक मिटले नाही, पण पुढेही वाचले नाही. आम्ही दोघेही खाली पाहत बसलो. कारण आम्हा दोघांनाही एकच आठवत होते.

माउली, 1978 साली मी तीस वर्षांचा होतो. नाव नुकते होऊ लागले होते. एका गावी सप्ताह होता, घरापासून साठ किलोमीटरवर. सातव्या दिवशी संध्याकाळी माझा मेहुणा ट्रकमध्ये बसून आला. माझी धाकटी मुलगी, चार वर्षांची, तापाने फणफणली होती, शुद्धीत नव्हती. सात वाजताची एस.टी. होती. गावची वडीलधारी मंडळी म्हणाली, ‘बुवा, तुम्ही निघा. काल्याचं आम्ही बघतो, दुसरे महाराज आहेत.’ मी म्हणालो, ‘उद्याचा काला करूनच जाईन. पांडुरंग तिची काळजी घेईल.’

दुसऱ्या दिवशी काला केला. पंचक्रोशी लोटली होती. घरी पोचलो तेव्हा पोर गेलेली होती, पहाटे.

लोकांनी मला डोक्यावर घेतले. म्हणाले, बुवांनी गोरोबाकाकांची निष्ठा दाखवली. आणि मला ते गोड लागले. पुढे कित्येक वर्षे मी गोरोबाकाकांचे चरित्र लावले, की शेवटी आवाज खाली आणून हा माझा दृष्टांत देत असे. सभा रडे. एकदा सौभाग्यवती बायकांत बसलेली होती. मी तो प्रसंग सुरू केला, तशी ती उठली आणि बाहेर निघून गेली. मला वाटले, तिला भरून आले. नंतर तिला मी कधी विचारले नाही आणि तिनेही कधी सांगितले नाही.

त्या रात्री लाइपझिगच्या घरात मुलगा बऱ्याच वेळाने बोलला. तो तेव्हा सात वर्षांचा होता. म्हणाला, ‘अण्णा, सातची एस.टी. आपल्या गावात साडेनऊला यायची. आई दारात जाऊन उभी राहिली होती. गाडी गेल्यावरही बराच वेळ उभी होती.’

बस, एवढेच. आवाजात राग नव्हता.

मी रात्रभर बसून होतो. गोरोबाकाका चिखल तुडवत होते तेव्हा त्यांना भान नव्हते. बाख दूरच्या गावी होता तेव्हा त्याला माहीत नव्हते. मला भान होते आणि मला माहीतही होते. काला दुसऱ्या कोणी केला असता, तर तो मला सोसला नसता; खरे कारण हे. त्याला मी पांडुरंगाचे नाव लावले. चोरी केली तर निदान देवाच्या नावाने करू नये.

यावरून कोणी असे समजू नये, की सेवा सोडून घरी बसावे. बाखनेही सोडली नाही. सकाळी उठून मी मुलाला पुढचे वाचायला सांगितले, तेव्हा पाहा काय निघाले. त्याच 1720 सालच्या जानेवारीत, म्हणजे बायको जाण्याच्या सहा महिने आधी, बाखने आपल्या थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानसाठी, एक वही सुरू केली होती. मुलगा नऊ वर्षांचा. वहीत सुरुवातीला सुरांची ओळख, मग अलंकार कसे वाजवायचे त्याचा तक्ता, मग कोणते बोट कुठे ठेवायचे याचे आकडे घालून एक छोटी रचना. त्या पहिल्या धड्याच्या माथ्यावर त्याने देवाचे नाव घातले आहे. चर्चसाठी लिहिलेल्या मोठमोठ्या रचनांच्या आरंभी तो ‘येशू, साहाय्य कर’ अशा अर्थाची अक्षरे लिही आणि शेवटी ‘केवळ देवाचा गौरव’ अशा अर्थाची. म्हणजे हजार लोकांसमोर व्हायच्या सेवेला जे अधिष्ठान, तेच नऊ वर्षांच्या पोराच्या बोटांच्या धड्याला. प्रपंच आणि परमार्थ दोन नाहीत, हे मी गादीवरून हजार वेळा सांगितले असेल. या माणसाने ते वहीच्या माथ्यावर लिहिले.

आणि फळ मिळाले का? काही मुले थोर निघाली. एक लंडनमध्ये गाजला, एक राजदरबारी गेला. पण एक, योहान गोटफ्रीड बर्नहार्ड, बापासारखाच ऑर्गनवादक झाला आणि कर्जे करून परागंदा झाला. बापाने 1738 मध्ये त्याबद्दल लिहिलेले पत्र आहे. पोरगा कुठे आहे ते मला ठाऊक नाही, समजावणे आणि माया दोन्ही करून झाले, आता सोसणे उरले, असा त्याचा आशय. पुढल्या वर्षी तो मुलगा चोविसाव्या वर्षी वारला. शेवटी बाखची दृष्टी गेली. 1750 मध्ये डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली, ती लागू पडली नाही. 28 जुलैला देह ठेवला. आना माग्दालेना त्याच्यामागे दहा वर्षे जगली, आणि शेवटी धर्मादायावर जगली. प्रेमाने केले म्हणून प्रपंच सुखाचा होतोच असे नाही. पण करायचे ते केलेले असते.

निघण्याआधी मुलगा मला सेंट थॉमस चर्चमध्ये घेऊन गेला. शुक्रवारची संध्याकाळ होती. तिथे अजून शाळेतली मुले दर आठवड्याला गातात. वेदीच्या पुढे जमिनीत काशाची एक साधी फरशी आहे. तिच्यावर फक्त नाव. आधी बाखला दुसऱ्या स्मशानात पुरले होते, जागेवर खूण नव्हती. त्याच्या अस्थी इथे 1950 मध्ये आणल्या. ऑर्गन वाजू लागले. तो सूर कानांनी ऐकण्याआधी बसल्या बाकाला जाणवतो, तिथून पाठीत येतो. मृदंगाचा डावा हात पोटात लागतो ना, तसे. मी डोळे मिटले आणि माझ्या चार वर्षांच्या लेकीचे नाव घेतले. पंचेचाळीस वर्षांत मी ते दृष्टांतात घेतले होते, पण असे एकदाही घेतले नव्हते.

बाहेर आल्यावर मुलाने विचारले, ‘अण्णा, फडावरच्या सगळ्या पोरांना तुम्ही मृदंग शिकवला. मला का नाही शिकवलात?’

काय सांगणार? घरी मी पाहुणा होतो. आलो की पाय धुवायला पाणी मिळे, गोडधोड होई, आणि दोन दिवसांनी पुन्हा पिशवी भरली जाई. मी म्हणालो, ‘चुकलं माझं.’ तो म्हणाला, ‘मग आता शिकवा.’

परत आल्यावर मी बाजारातून शंभर पानी वही आणली. पहिल्या पानाच्या माथ्यावर श्री घातला. खाली मोठ्या अक्षरांत मृदंगाचे पहिले बोल, कोणता हात, कोणती बोटे, सगळे खुणा करून लिहिले. आता दर रविवारी संध्याकाळी मुलगा व्हिडिओ कॉल लावतो. मी इकडे मृदंग घेऊन बसतो. तिकडे मृदंग पोचायचा आहे, तोवर नात जेवणाच्या टेबलावर हात मारते. तिच्या शेजारी तिचा बापही बसतो. त्याचे वय पन्नाशीच्या पुढे, हात जड, डावा-उजवा उलटा पडतो. नात त्याला हसते. मीही हसतो. मग पुन्हा पहिल्यापासून.

काला म्हणजे काय? प्रत्येकाच्या शिदोरीतले एकत्र करायचे आणि सगळ्यांनी मिळून खायचे. मी जन्मभर गावोगावचा काला केला, घरचा तेवढा राहून गेला होता.

माउली, तुमच्यात कोणी तरुण कीर्तनकार असेल, सप्ताहाच्या गावी बसून हे वाचत असेल, तर या म्हाताऱ्याचे एवढे ऐका. घरून सांगावा आला आणि कोणी म्हणाले, ‘महाराज, काल्याचं आम्ही बघतो’, तर त्यांचे ऐका. सातची एस.टी. धरा. पांडुरंग तुमच्या आधी घरी पोचलेला असेल, पण दारात उभी असलेली माणसे तुमची वाट पाहत असतात.

रामकृष्णहरी.